शिंकांची भिंत

साठ सालच्या सुमाराला बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात मी एका वर्षात सतरा वेळा उशिरा पोहोचलो, आणि सतराही वेळा कारण एकच होतं: माझ्या मुलीची शिंक.

हे कारण उशिराच्या रजिस्टरात शोभत नाही. एकदा मी प्रामाणिकपणे लिहून पाहिलं. सुपरवायझरसाहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "शिंक मुलीला. उशीर तुम्हाला. मधला भाग सांगा."

मधला भाग म्हणजे आमचे अण्णा. माझे वडील. चाळीस वर्षं निपाणीच्या बाजारात मापाडी होते. पोत्यांची वजनं करायची आणि पोतं काट्यावरून उतरलं की भिंतीवर कोळशाची एक रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी तिरकी. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं ते फक्त मला आत ढकलताना. आई गेल्यावर मी त्यांना मल्लेश्वरमला आमच्या वठारात घेऊन आलो. (वठार म्हणजे एका अंगणाभोवती सहा बिऱ्हाडं, एक नळ आणि शून्य गुपितं.) येताना अण्णांनी एक घोंगडं आणलं, एक पानाची चंची आणली, आणि शिंकेवरचा अढळ विश्वास आणला.

त्यांचा नियम सरळ होता. घराबाहेर पडताना कुणी एकदा शिंकलं की काम बिघडणार. माघारी यायचं, टेकायचं, पाणी प्यायचं. दोनदा शिंकलं की दुसरीने पहिली कापली, खुशाल जा. तिसरी आली की पुन्हा घोटाळा. थोडक्यात, विषम वाईट, सम चांगली. चार घरांत असले नियम असतात, ते महिन्यातून एखाद्या वेळी आडवे येतात. पण आमची पाच वर्षांची मंजू एकदा सुरू झाली की सात, नऊ, अकरा अशी मजल मारायची! मी उंबऱ्यात, एक पाय बुटात, हातात जेवणाचा डबा, आणि गल्लीच्या तोंडाशी कारखान्याची बस.

"आक्छी!"

"थांब रं," अण्णा.

"अण्णा, बस सुटेल."

"आक्छी!"

"झाल्या दोन. जा आता."

मी पाऊल उचलणार.

"आक्छी!"

"ये माघारी. टेक जरा. सुमन, ह्याला पाणी दे गं."

मंजू शांतपणे तळहाताने नाक खालून वर चोळत माझ्याकडे बघत असायची, जणू बापाला सलाम ठोकतेय. आणि बस गेलेली असायची. अण्णा दाराच्या मागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून शिंका टिपून ठेवत. हयातभराची सवय! बाजार सुटला, पोती सुटली, मोजणं सुटेना.

आता माझ्याबद्दल. मी बी. एस्सी. आहे. हे मी इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला तोंड राहणार नाही. आमच्या घराण्यात, आमच्या गल्लीत आणि मला वाटतं आमच्या सबंध पेठेत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. कोल्हापुरात चार वर्षं लोकांच्या घरी जेवून आणि तिसऱ्या हाताची पुस्तकं वाचून ही पदवी घेतली. ती पुस्तकं मी जन्मभर जपायची ठरवली होती. मशिनच्या खोक्यांच्या फळ्या आणून मी स्वतः एक मांडणी ठोकली. वर फ्रेममध्ये पदवी, खाली पुस्तकं आणि त्याखाली मंजूची गादी. विद्या वरून खाली झिरपते, असा माझा हिशेब होता.

पुस्तकांना कुणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

"अहो, निदान झटकू तरी द्या की ओ," सुमन म्हणायची. ती बेळगावची. तिच्या रागातसुद्धा एक 'ओ' असायचा.

"झटकायचं नाही. खुणेचे कागद हलतात."

"पास होऊन आठ वर्षं झाली! आता खुणा कशाला?"

यावर मी रागावत असे. दर दसऱ्याला मात्र पुस्तकांची पूजा व्हायची. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. ती फुलं मी श्रद्धेने त्याच पानांत ठेवून द्यायचो. आठ दसऱ्यांची फुलं! पानांना कसर लागली होती, बंगलोरच्या गारव्याने पुठ्ठ्यांवर हिरवट बुरशी धरली होती. मला वाटायचं, ग्रंथ मुरतायत.

आणि रविवारी सकाळी आमचा खास कार्यक्रम असे. मंजूला मांडीवर घ्यायचं, एक जाडजूड पुस्तक काढायचं, फटकन उघडून फटकन मिटवायचं, आणि मग पुन्हा उघडून तिच्या नाकाखाली धरायचं. "घे वास. दीर्घ श्वास घे. हा अभ्यासाचा वास!" लहानपणी मला कोरं पुस्तक कधी मिळालं नाही. दुसऱ्यांच्या पुस्तकांचा वास घेऊनच मला शिक्षणाची गोडी लागली, असं माझं ठाम मत होतं. मंजू बिचारी आज्ञाधारकपणे दीर्घ श्वास घ्यायची. मग शिंकायची. मी म्हणायचो, "शाब्बास! भिनतंय."

एवढी पूर्वतयारी केल्यावर जानेवारीत मी तिला घेऊन शाळेच्या प्रवेशाच्या मुलाखतीला गेलो. नवा फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी. अर्जात वडिलांच्या शिक्षणाच्या रकान्यात मी 'ग्रॅज्युएट' हा शब्द इतका ठळक लिहिला होता की तो पाठीमागूनही वाचता येत होता.

हेडमिस्ट्रेसबाई टेबलापलीकडून हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "व्हॉट इज युअर नेम?"

मंजू टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत राहिली.

बाईंनी कानडीत विचारलं, "निन्न हेसरेनु?" पेपरवेटमध्ये निळं फूल होतं. मंजूला ते आवडलं.

मग मी मराठीत म्हणालो, "मंजू, बाळ, नाव सांग." मंजूने माझ्याकडे बघून गोड हसून दाखवलं आणि बुटाची नाडी सोडायला घेतली.

बाई अर्जावरचा 'ग्रॅज्युएट' वाचत होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुलगी गोड आहे. पण समज कमी दिसते. मे महिन्याच्या शेवटी पुन्हा घेऊन या. तेव्हाही अशीच असली तर जागा मला दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल."

समज कमी! माझ्या मुलीची! जिने रोज रात्री अख्ख्या बी. एस्सी.च्या खाली झोप काढली, तिची!

घरी येऊन मी शास्त्रीय पद्धतीने विचार केला आणि पहिलं निदान केलं: भाषा. घरात मराठी, अंगणात कानडी, शाळेत इंग्रजी. पोरीच्या डोक्यात तिन्हींची मिसळ झालीय. मी हुकूम काढला, आजपासून घरात इंग्रजी.

सुमन मॅट्रिक होती. तिने दोन दिवस निभावलं. "मंजू, कम. इट. पोहे." तिसऱ्या दिवशी दूध उतू गेलं तेव्हा ते शुद्ध बेळगावी मराठीत गेलं. अण्णांनी विचारलं, "च्याला काय म्हंत्यात?"

"टी."

"मग टी दे. साखर जरा वाईच जास्त. साखरेला काय म्हंत्यात ते ऱ्हाऊ दे, टाक नुसती."

मंजू या सगळ्यात ढिम्म. हाक मारली तर कधी ओ द्यायची, कधी नाही. मागून बोलावलं तर मुळीच नाही. शेजारच्या पद्मक्का नळावर कळशी भरता भरता म्हणाल्या, "एक विचारू? पोरीला ऐकायला स्वल्प कमी येतं का?" (पद्मक्का कानडीत बोलायच्या, आम्ही मराठीत उत्तर द्यायचो. 'स्वल्प' मात्र दोन्ही बाजूंचा.)

माझा पारा चढला. माझी मुलगी बहिरी? मी तिथल्या तिथे प्रयोग मांडला. मंजूच्या मागे दहा पावलांवर उभा राहून ताट वाजवलं. तिने वळून पाहिलं नाही. मग हळूच म्हणालो, "पेपरमिंट." तिने वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'पेपरमिंट' म्हणालो, तर धावत आली! पद्मक्कांकडे बघून मी विजयी स्वरात म्हणालो, "बघा! कान ठणठणीत आहेत. हिला हवं तेव्हाच ऐकू येतं."

"बापाच्या वळणावर गेलीय की ओ," आतून सुमन म्हणाली.

असं माझं दुसरं निदान ठरलं: हट्टीपणा. पद्मक्कांचं निदान मात्र बदललं नाही. त्या रोज संध्याकाळी लसणीचं कोमट तेल घेऊन मंजूच्या मागे लागायच्या. मंजूला पद्मक्का दिसल्या की ती कान धरून पळायची, आणि ते बघून मी म्हणायचो, "पाहिलंत? समज आहे!"

फेब्रुवारीत सुमनच्या भावाचं लग्न निघालं. सुमन, मंजू आणि अण्णा महिनाभर बेळगावला गेले. मी रजेअभावी शेवटच्या दोन दिवसांपुरता पोहोचलो. बघतो तर काय! माजघरात सासूबाई कुणाच्या तरी कानात "श्रीखंड" म्हणाल्या आणि मंजू गच्चीवरून खाली आली!

"इथे बरी ऐकते सगळं," मी म्हणालो.

"इथे तिच्यावर कुणी ओरडत नाही," सासूबाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांत मल्लेश्वरमला सगळं पूर्ववत. हाक मारली की ढिम्म, आणि सकाळी उंबऱ्यात नऊ शिंका. मी म्हणालो, "आजोळच्या लाडाने बिघडलीय." सुमन म्हणाली, "आजोळी सुधारली होती, इथे येऊन बिघडलीय." यावर जे भांडण झालं ते मंजू सोडून वठारात सगळ्यांना ऐकू गेलं.

त्यातच सुपरवायझरसाहेबांनी शनिवारी संध्याकाळी चहाला येतो म्हणून सांगितलं. त्यांना 'मधला भाग' डोळ्यांनी पाहायचा होता. मी घराकडे साहेबांच्या नजरेने पाहिलं. दाराच्या मागे, पाहुण्याने बसलं की नेमकी समोर येणारी अख्खी भिंत, खालपासून छातीपर्यंत, कोळशाच्या रेघांनी भरलेली! वखारीत राहतो की काय मी? शुक्रवारी अण्णा देवळात गेल्यावर मी चुना कालवला आणि भिंतीला एक हात मारून टाकला. अण्णा परत आले, भिंतीकडे बघत उभे राहिले.

"वर्षभराचं माप हुतं त्ये," एवढंच म्हणाले. आणि कोळसा घेऊन ताज्या चुन्यावर कोपऱ्यात पहिली रेघ ओढली. मंजू नुकतीच शिंकली होती.

साहेब आले, चिवडा खाल्ला, पांढऱ्या भिंतीचं कौतुक केलं. निघताना मंजू शिंकली. अण्णांनी साहेबांना दंडाला धरून खाली बसवलं! साहेब तीनदा उठले, तीनदा बसले, तीन भांडी पाणी प्यायले आणि बस चुकली तेव्हा म्हणाले, "मधला भाग समजला." त्यानंतर माझ्या उशिरावर त्यांनी कधी शेरा मारला नाही.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. त्यानंतरच्या मंगळवारी मी मंजूला घेऊन बाजारात गेलो. भाजीवालीशी बोलताना तिचा हात सुटला आणि ती दोन पावलं रस्त्यावर गेली. मागून जटका येत होता. बंगलोरचा टांगा. घोडा बुजलेला. जटकावाला जीव तोडून ओरडत होता, घंटा बडवत होता. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस वळला. एकटी मंजू वळली नाही. ती रस्त्यात पडलेलं एक सोनचाफ्याचं फूल उचलत होती.

मी तिला कसं ओढलं मला आठवत नाही. टोमॅटो रस्ताभर झाले. मंजू माझ्या अंगावर पडली आणि चकित होऊन माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी ओरडत होतो आणि ती माझे ओठ बघत होती. ओठ! तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगी हट्टी नव्हती. मंदही नव्हती. इतके दिवस ती आमची तोंडं वाचून दिवस काढत होती, आणि मी तिच्या मागे उभा राहून ताट वाजवत होतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सुमन व मंजूला घेऊन कँटोन्मेंटकडच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. निघताना मंजूला अर्थातच तीन शिंका आल्या, त्यामुळे अण्णाही सोबत आले, काम बिघडू नये म्हणून.

डॉक्टर वयस्कर होते, कपाळाला गोल आरसा. दोन्ही कान बघितले, नाक बघितलं, तोंड उघडायला लावलं. मग म्हणाले, "कानात तेल कोणी घातलं?"

"शेजारणीने."

"बंद करा. वरून घातलेलं तेल पडद्यापलीकडे जात नाही. आणि हिचा आजार पडद्यापलीकडे आहे. मधल्या कानात पाणी साठलंय."

"आंघोळीचं?" मी विचारलं.

डॉक्टरांनी आरसा वर सरकवून मला नीट पाहिलं. "तुमचं शिक्षण?"

"बी. एस्सी.," मी म्हणालो. इतक्या हळू आवाजात मी हे आयुष्यात पहिल्यांदाच म्हणालो.

त्यांनी कागदावर चित्र काढलं. नाकाच्या मागून कानाकडे एक बारीक नळी जाते. कानात हवा खेळवायचं काम तिचं. लहान मुलांत ती अरुंद आणि आडवी असते. नाक सुजलं की तिचं तोंडही सुजतं आणि मिटतं. मग कानात हवा जात नाही आणि पातळसं पाणी झिरपून साठतं. ताप नाही, ठणका नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. "मुलाला सगळं ऐकू येतं, पण उशी कानावर घेतल्यासारखं. कधी पाणी कमी, कधी जास्त. म्हणून एक दिवस ऐकते, एक दिवस नाही."

"म्हणजे पेपरमिंट—" मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही."

"बहुतेक मुलांना हे साध्या सर्दीने होतं. पण हिचं नाक आतून फिकट आणि फुगलेलं आहे, डोळ्यांखाली काळं आहे, ते नाक चोळणं बघा. ही ॲलर्जी दिसते. कशाची, ते शोधलंत तर अर्धं काम झालं. ही केव्हा शिंकते?"

"नेहमी."

"नेहमी हे उत्तर नव्हे. कुठल्या दिवशी, कुठल्या जागी? सायन्सचे ना तुम्ही? निरीक्षण?"

मी सुमनकडे पाहिलं, सुमनने माझ्याकडे. आणि कोपऱ्यातल्या बाकावरून अण्णांनी बाजारी कानडीत घसा साफ केला. "रोजच्याला सात, नऊ. रविवारच्याला वीस-बावीस. अंगणात एखाद-दुसरी. बेळगावात पयल्या हप्त्यात नऊ, मग चार, मग न्हाईच."

डॉक्टर खुर्चीतून उठून अण्णांच्या शेजारी बाकावर जाऊन बसले! "तुम्ही मोजलं?"

"रेघा वढल्यात. वर्षभराच्या. घरातली आडवी, अंगणातली उभी. रविवारच्याला वर टिंब."

"मला ते पाहायचंय. कशावर आहे?"

"भिंतीवर."

"मग उतरवून आणा. अगदी रोजचं. ग्राफ काढा," डॉक्टर माझ्याकडे वळले, "तेवढं येत असेल तुम्हाला."

अण्णा आणि सुमन, दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. वर्षभराचं निरीक्षण होतं आणि एका विज्ञान पदवीधराने त्यावर चुना फिरवला होता.

घरी येऊन मी भिंतीसमोर बसलो. पांढरी, निर्मळ भिंत. खिळ्याने खरवडून पाहिलं, तर चुन्याबरोबर कोळसाही निघाला. आता मात्र माझा धीर सुटला. सुमन पाण्याचा तांब्या घेऊन आली. मला वाटलं मला प्यायला आणलंय. तिने तो तांब्या सरळ भिंतीवर ओतला!

"अगं!"

"बघा की ओ!"

पाणी जिथून ओघळलं तिथे चुना पातळ कागदासारखा दिसू लागला, आणि आतून एकेक काळी रेघ वर आली. चार, पाच, आठ... "माहेरी भिंती सारवल्या की ओल्यापणी जुनं सगळं दिसायचं," सुमन म्हणाली. "वाळलं की जातंय." याचं प्रकाशशास्त्रातलं कारण मी सांगू शकलो असतो. कुणी विचारलं नाही.

पण भिंत भराभर वाळत होती. मी ग्राफपेपर घेऊन बसलो, अण्णा बोट ठेवून मोजू लागले, आणि सुमन नळाकडे धावली. नळावर पद्मक्का. पाच मिनिटांत सहाही बिऱ्हाडं तांबे, कळश्या, गडवे घेऊन आमच्या दारात रांगेत! जन्मभर नळाकडे जाणारी रांग त्या दिवशी नळाकडून येत होती.

"मंगळवार, आडव्या सात, उभी एक," अण्णा.

"हं, पुढे."

"बुधवार... पाणी मारा! वाळतंय!"

सपकन पाणी. थोडं भिंतीवर, थोडं अण्णांवर, बरंचसं माझ्यावर आणि ग्राफपेपरवर.

"बुधवार नऊ. गुरुवार सात. रविवार... थांबा, लई हाइत. पाच, धा, पंधरा, वीस, बावीस."

दिवेलागणीच्या सुमाराला ग्राफ पुरा झाला. फेब्रुवारीत सपाट माळरान. बाकी वर्षभर ओबडधोबड टेकड्या, आणि दर सात दिवसांनी एक सुळका. सगळं वठार ओल्या पायांनी तो ग्राफ बघायला वाकलं.

"रविवारी काय होतं?" पद्मक्कांनी विचारलं.

"रविवारी हे घरी असतात," सुमन म्हणाली.

मग पद्मक्का पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अय्यो! पोरीला बापाचीच ॲलर्जी!"

"मलापण आहे," सुमन म्हणाली, "पण मी शिंकत नाही."

वठार किती वेळ हसत होतं ते मी मोजलं नाही. अण्णांनी मोजलं असेल.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ग्राफ खिडकीशी धरून पाहिला. "उत्तम काम." मी मान झुकवली. ते अण्णांकडे बघून बोलत होते. "वस्तू घरात आहे. अंगणात नाही, बेळगावात नाही. आणि रविवारी ती जास्त जवळ येते. रविवारी घरात काय करता?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "आंघोळ, जेवण. सकाळी मी मुलीला पुस्तकं हुंगायला देतो."

डॉक्टरांनी ग्राफ खाली ठेवला.

"काय देता?"

मला सगळं सांगावं लागलं. मांडणी, गादी, फुलं, कसर, फटकन उघडणं, फटकन मिटवणं. मी जसजसा सांगत गेलो तसतसा डॉक्टरांचा चेहरा लाल होत गेला. मला वाटलं संतापले. ते हसू दाबत होते. शेवटी त्यांनी आरसाच डोळ्यांवर ओढून घेतला.

"धूळ, बुरशी आणि कसर," आरशामागून आवाज आला, "आणि तुम्ही ते रोज रात्री तिच्या नाकावर चाळत होता. रविवारी खास खुराक! पुस्तकं आजच्या आज त्या खोलीतून बाहेर काढा. गादी उन्हात टाका. धूळ कोरडी झटकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. नाकात घालायला थेंब देतो. पाणी आपोआप ओसरायला दोन-एक महिने लागतील. ओसरलं नाही तर पडद्याला बारीक छेद देऊन काढू. पण वाट पाहू."

अण्णांनी पुस्तकं गोणपाटात भरली. मापाडीच ते! कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या काट्यावर त्यांनी ती दोन पोती आधी चढवली. "सव्वा मण भरली रं तुझी बी. एस्सी.!" मग ती सव्वा मण विद्या ट्रंकेत गेली आणि ट्रंक वठाराच्या मागच्या पडवीत, पद्मक्कांच्या गोवऱ्यांशेजारी.

एप्रिल गेला. मी आता मंजूच्या मागे नाही, समोर जाऊन, गुडघ्यावर बसून बोलायला शिकलो होतो. रोज सकाळी अण्णा कोळसा घेऊन दाराशी बसायचे. सात, पाच, तीन, एक. भिंतीवर रेघा विरळ होत गेल्या तशी बसही मिळू लागली. पण कान? मेच्या मध्यावर डॉक्टर म्हणाले, "उजवा साफ. डाव्यात अजून स्वल्प आहे." शाळेची तारीख दहा दिवसांवर. ते दहा दिवस माझ्या बी. एस्सी.च्या परीक्षेपेक्षा मोठे होते. तेव्हा नापास झालो असतो तर एकटा झालो असतो.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी आणि सुमन स्वयंपाकघरात कुजबुजत होतो. मी म्हणालो, "नाहीच मिळाली जागा, तर मी हिला घरीच शिकवेन."

अंगणातून मंजूचा आवाज आला, "नको! बाबा पुस्तकं हुंगायला लावतात!"

सुमनच्या हातातली पळी खाली पडली. मंजूने अंगणातूनच विचारलं, "काय पडलं?"

अण्णा भिंतीकडे तोंड करून बराच वेळ डोळे पुसत होते. धुळीने, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निघताना मंजूला एकच शिंक आली. एक! विषम! मी मुकाट्याने माघारी येऊन बसलो आणि पाणी मागितलं. अण्णा म्हणाले, "ऊठ की! शाळेला उशीर हुईल. आता ते शिंकेचं बघायला डाक्टर हाय."

हेडमिस्ट्रेसबाईंनी हळू, गोड आवाजात विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?" मंजूने नाव सांगितलं. कानडीत विचारलं, कानडीत सांगितलं. पेपरवेटमधल्या फुलाचा रंगही सांगितला, न विचारता. बाईंनी समाधानाने माझा अर्ज पुढे ओढला.

"अँड व्हॉट डझ युअर फादर डू?"

मी सरसावून बसलो.

"ही स्मेल्स बुक्स," मंजू खणखणीत आवाजात म्हणाली.

बाईंनी अर्ज बघितला, माझ्याकडे बघितलं. "इथे तर तुम्ही ग्रॅज्युएट असं लिहिलंय."

"होय मॅडम," मी म्हणालो. "आमच्या घरी दोन्ही एकच."